पाटा, पाणी आणि पातं

पहिला चाकू मी लोहारमामांना दाखवायला नेला, तेव्हा त्यांनी तो उन्हात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “दिसायला ब्येस झालाय की ओ.” मग पायाशी पडलेली वाळक्या बाभळीची फांदी उचलली, चाकूनं तिच्यातली एक गाठ तासली आणि चाकू माझ्या हातात परत ठेवला. धार मधोमध एका अंगाला कलली होती, वहीच्या पानाचा कोपरा दुमडावा तशी. “पाणीच चढलं नाय ह्याला,” एवढं बोलून ते कुणाचं तरी खुरपं शेवटायला, म्हणजे ठोकून धार काढायला, वळले.

मामांची भट्टी सोलापुरात, बाळे गावाच्या पुढे रस्त्याकडेला आहे. मी अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत, यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. लेथ, ग्राइंडर, व्हाइस यांच्यातच दिवस जातो, त्यामुळे चाकू म्हणजे दोन रविवारचं काम असं मी धरून चाललो होतो. लागले तीन चाकू आणि जवळपास एक वर्ष. त्यातला बहुतेक वेळ ‘पाणी’ या एका शब्दाचा अर्थ कळण्यात गेला. लोहाराच्या तोंडी हा शब्द सारखा असतो, पण त्यात पाण्याचा संबंध दर वेळी असतोच असं नाही.

आधी हा चाकू कसला ते सांगतो: हा बुशक्राफ्टचा चाकू. बुशक्राफ्ट म्हणजे रानात थोडक्या अवजारांनी आपली सोय लावणं. लाकूड तासून खुंट्या करायच्या, ओल्या फांदीच्या पोटातलं कोरडं लाकूड काढून विस्तव पेटवायचा, पालाला दोर ताणायचा, जमलंच तर लाकडाचा चमचा कोरायचा. आपल्याकडचा मेंढपाळ यातलं बरंचसं कुऱ्हाड आणि विळ्यावर पिढ्यान् पिढ्या करत आलाय, फक्त त्याला कुणी नाव दिलं नाही. या कामाचा चाकू घडीचा नसतो. पातं १० ते १२ सेंटिमीटर, जाडी ३ ते ४ मिलिमीटर, आणि पात्याचंच पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेलं. पाठ मुद्दाम काटकोनी ठेवतात, म्हणजे तिच्या कडेनं चकमकीची सळई खरवडली की ठिणग्या पडतात. (ही सळई म्हणजे गारगोटी नव्हे. सिरियम आणि लोखंडाचा हा मिश्रधातू ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये शोधला. गॅस पेटवायच्या लायटरमधला ‘दगड’ तोच.)

थोडक्यात, या चाकूला एकाच दिवसात नाजूक तासकाम करायचं असतं आणि ठोकेही खायचे असतात. सगळी अडचण इथंच आहे.

पोलाद भंगारात मिळतं. सोलापुरावरून हायवे जातात, ट्रकच्या चाकांवर स्प्रिंग म्हणून बसवलेल्या कमानपाट्यांना तोटा नाही, आणि आपल्या जिल्ह्यातला ऊसतोडीचा कोयताही बहुतेक वेळा पाट्यातूनच निघतो. पाटाच का, तर कार्बनमुळे. बांधकामाची सळई किंवा बाजारातली साधी लोखंडी पट्टी घेतली, तर तिच्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो. तेवढ्यावर कितीही तापवा, कितीही बुडवा, चाकूची धार धरण्याइतका कडकपणा येत नाही. पाट्यात तो अर्धा ते पाऊण टक्क्याच्या मधे, बहुतेक ०.५ ते ०.६ टक्के. कानशीत एक टक्का किंवा त्याहून थोडा जास्त. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण सगळा खेळ त्याच किरकोळ फरकाचा आहे.

भंगारातल्या तुकड्यावर त्याचं नाव लिहिलेलं नसतं. ग्राइंडरला लावून ठिणग्या बघायच्या. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, फारशा न फुटणाऱ्या. कार्बन जास्त असला की ठिणगी टोकाला फुलबाजीसारखी फुटते, फांद्या फुटल्यासारखी. हाताशी एक जुनी कानस आणि एक सळई ठेवून तिघांच्या ठिणग्या शेजारी शेजारी पाहिल्या तर डोळा लवकर तयार होतो. एक मात्र पाळायचं: जस्ताचा मुलामा असलेला तुकडा भट्टीत घालायचा नाही. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो.

जुन्या पाट्यात आणखी एक चोर असतो. लाखो किलोमीटर हादरे खाल्लेल्या पाट्यात केसाएवढ्या भेगा असू शकतात, आणि त्या डोळ्याला दिसत नाहीत. माझा दुसरा चाकू यातच गेला. बुडवताना ‘टिक्’ असा बारीक आवाज आला आणि पाठीपासून धारेपर्यंत रेघ उमटली. मामा हसले आणि त्यांनी मला रॉकेल-खडूची युक्ती दाखवली. तुकडा घासून लख्ख करायचा, रॉकेल चोपडून तासभर ठेवायचा, कोरडा पुसायचा आणि वरून खडूची भुकटी फिरवायची. भेगेत मुरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ दिसते. रॉकेल नसेल तर डिझेल चालतं. मोठ्या कारखान्यांत हीच तपासणी रंगीत द्रव वापरून करतात, तत्त्व तेच.

तुकडा पसंत पडला की तो आधी नरम करून घ्यायचा: लाल करून चुलीच्या राखेत रात्रभर पुरून ठेवायचा. सकाळी ड्रिल आणि कानस दोन्ही चालतात. पुढे दोन वाटा. पाटा जाड असेल तर ठोकून पातळ करायचा, नाहीतर कापून-घासून आकार काढायचा. ठोकून घडवलेला चाकू आपोआपच सरस, हा समज फार पसरलाय. घणाचा आवाज कानाला गोड लागतो हे खरं, पण नंतरचं तापवणं-बुडवणं सारखं असेल तर घासून केलेलं पातं कुठेही कमी पडत नाही. माझा तिसरा चाकू छोट्या टेम्पोच्या पातळ पाट्यातून निव्वळ घासून झालाय.

आता पाणी.

लोखंडाचे अणू म्हणजे लग्नाच्या मांडवात रांगांनी लावलेल्या खुर्च्या समजा. गार लोखंडात खुर्च्या अशा लावलेल्या असतात की मधून पोरगंसुद्धा जाऊ शकत नाही. पुरेसं तापवलं की खुर्च्यांची मांडणीच बदलते आणि मधे मोकळ्या जागा तयार होतात. कार्बनचे अणू म्हणजे मांडवातली पोरं. ती त्या जागांत शिरून बसतात. आता हे हळूहळू गार होऊ दिलं, तर मांडणी पहिल्यासारखी होताना पोरांना बाहेर पडायला वेळ मिळतो. ती वेगळा घोळका करतात, रांगा मोकळ्या राहतात, आणि कुणी जोर लावला की अख्खी रांग सरकते. रांग सरकणं म्हणजेच धातू वाकणं. पण एकदम गार केलं, तर खुर्च्या खाडकन जुन्या जागी यायला बघतात आणि पोरं मधेच चेंगरतात. मांडणी वाकडी होते, ताण भरतो, आणि आता कुठलीच रांग हलत नाही. हे कडक पोलाद. धातूशास्त्रात याला मार्टेन्साइट म्हणतात. मामा म्हणतात, पाणी चढलं.

यात दोन वेळा चूक होऊ शकते. पोरं आत शिरण्याआधीच गार केलं, तर अडकायला कुणी नसतं. पोरं शिरली पण गार करायला उशीर झाला, तर ती निसटतात. माझी पहिली चूक पहिल्या प्रकारची. मी कुठंतरी वाचलं होतं की पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबलं की ते तयार झालं. लोखंडाचं चुंबकत्व साधारण ७७० अंश सेल्सिअसला जातं, हे बरोबर. पण क्रोमियम असलेल्या पाट्याला ८२० ते ८५० अंश लागतात, आणि सिलिकॉन जास्त असलेल्या पाट्याला त्याच्याही वर. चुंबक सुटलं म्हणजे स्टेशन दिसायला लागलं, गाडी अजून फलाटाला लागलेली नाही. मी तिथंच उडी मारली होती.

थर्मामीटर नसेल तर मिठाचा आधार घेता येतो. खायचं मीठ ८०१ अंशांना वितळतं. पाट्याच्याच फालतू तुकड्यावर चिमूट टाकून बघायचं: मीठ पाण्यासारखं पसरलं की ८०० ओलांडले, तिथून रंग अजून थोडा उजळू द्यायचा. हा रंग आपल्या उन्हात दिसत नाही. सोलापूरच्या एप्रिलमधे भर दुपारी लालभडक लोखंडही राखाडी दिसतं, आणि माणूस ‘अजून तापलं नाही’ म्हणून भाता मारत राहतो. मामा धारेचं काम दिवस कलल्यावर किंवा झापाच्या अंधारात करतात, ते यासाठीच.

कारण जास्त तापवणंही तितकंच वाईट. उष्णता वाढली आणि वेळ लांबला की पोलादाचे कण फुगत जातात. पातं कडक होतं, पण आतून रवाळ, आणि ठोका बसला की मोडतं. कण पुन्हा बारीक करायचे तर बुडवण्याआधी पातं दोन-तीन वेळा लाल करून नुसत्या हवेत गार होऊ द्यायचं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जरा कमी तापवून. या पायरीला वेळ जातो, दिसत काही नाही, म्हणून बहुतेक जण ती गाळतात. मीही दोनदा गाळली.

बुडवायचं कशात? शब्द ‘पाणी’ असला तरी पाट्यासाठी पाणी नको. पाणी फार झपाट्यानं उष्णता ओढतं, तेही सगळीकडून सारखी नाही. तापलेल्या पात्याभोवती वाफेचा पापुद्रा धरतो, तो एका जागी आधी फुटतो, दुसऱ्या जागी नंतर. एक बाजू आवळली गेली, दुसरी अजून फुगलेली, या ओढाताणीत पातं तडकतं किंवा पिळतं. तेल जरा सबुरीनं घेतं, आणि पाट्याच्या पोलादाला तेवढा वेग पुरतो. मी करडईचं तेल वापरतो. आपल्या भागातलं रब्बीचं पीक, घाण्यावर सहज मिळतं. शेंगदाण्याचंही चालेल, आईनं डबा मोजला नसेल तर. तेल आधी ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करायचं. उलटं वाटेल, पण कोमट तेल पातळ होतं, पात्याभोवती लवकर फिरतं आणि गार तेलापेक्षा चांगलं काम करतं. पातं टोकाकडून सरळ खाली न्यायचं, पूर्ण बुडवायचं, आणि आत हलवायचं ते धार-पाठ या दिशेनं. आडवं हलवलं की पातं केळीच्या सालीसारखं वळतं. अर्धवट बुडवलं तर तेलाच्या वरच्या थरात भडका उडतो. म्हणून डबा लोखंडीच, त्याचं झाकण हाताशी, आणि पेटलेल्या तेलावर पाणी कधीच ओतायचं नाही.

तेलातून बाहेर आलेलं पातं कडक असतं, पण ते कडक भाकरीसारखं कडक. आपली कडक भाकरी महिनाभर टिकते, पण दुमडायला गेलात तर दोन तुकडे. ताजी भाकरी हवी तशी दुमडते, पण तिनं कुणी काही कापू शकत नाही. चाकूला या दोन्हींच्या मधली जागा पाहिजे. त्यासाठी पातं बुडवल्यावर लगेच, हाताला सोसेल इतकं गार झालं की, पुन्हा हलकंसं भाजायचं. घरच्या ओटीजी ओव्हनमधे १९० ते २०० अंशांवर दोन तास, बाहेर काढून गार करायचं, मग पुन्हा दोन तास. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आत वेगळा थर्मामीटर ठेवा. चेंगरलेल्या पोरांतली काही या वेळात जरा हातपाय मोकळे करतात, ताण उतरतो, कडकपणा थोडा जातो आणि चिवटपणा बराच येतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर रंग चढताना दिसतो: आधी गव्हाच्या काडाचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. धारेला काडाचा पिवळा हवा. निळी धार स्प्रिंगसारखी चिवट असते पण लवकर बोथट होते. मामा हे सगळं ओव्हनशिवाय करतात: पातं घासतात, निखाऱ्यांवर धरतात, रंग धारेपर्यंत सरकत येताना पाहतात आणि नेमक्या क्षणी पाण्यात टाकतात. मला ते अजून जमलेलं नाही.

सोलापुरात मोटारींचे कॅमशाफ्ट बनतात, त्या कामातही भांडण हेच: घासलं जातं तिथं कडक हवं, बाकीचं मोडता कामा नये. तिथल्या कामगाराला वरचे चार परिच्छेद वाचायची गरज नाही.

इथवर चाकू झाला. चांगला झाला का, हे कळण्यासाठी चाचण्या घ्यायच्या, आणि प्रत्येक चाचणी नेमक्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते हे आधी ठरवून घ्यायचं. नाहीतर माणूस दोर कापतो, लाकूड फोडतो, खूश होतो, आणि धार का वळली हे कळत नाही.

पहिली चाचणी चाकूवर करायचीच नाही. त्याच पाट्याचा बोटभर तुकडा पात्याबरोबर तापवायचा, बरोबर बुडवायचा, आणि भाजण्याआधी व्हाइसमधे धरून, कापड गुंडाळून, हातोडीच्या फटक्यानं मोडायचा. डोळ्यांवर चष्मा हवाच. कडक पोलादाचा तुकडा उडतो तो गोळीसारखा. मग तुटलेली कड उन्हात बघायची. जाड्या साखरेसारखे चमचमणारे दाणे दिसले तर जास्त तापवलंय. मोडायच्या ऐवजी वाकला तर पाणी चढलेलंच नाही. मऊ, राखाडी, पाटीच्या पेन्सिलीसारखी कड दिसली तर जमलं. या एका तुकड्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं बाकी सगळ्या चाचण्यांनी मिळून नाही. पहिल्या दोन्ही वेळी मी तो केलाच नव्हता, कारण पाटा वाया जाईल असं वाटलं. भंगाराचा पाटा!

दुसरी, कानशीची. रॉकवेल हे कडकपणाचं माप; कानस साधारण ६२ रॉकवेलच्या वर कडक असते. नुकत्या बुडवलेल्या पात्यावर ती काचेवरून घसरल्यासारखी घसरली पाहिजे. चावली तर पातं नरम आहे. पण इथं फसगत होते. भट्टीत पात्याच्या वरच्या कातडीतला कार्बन हवेशी जळून जातो आणि तेवढा पापुद्रा नरम राहतो. कानस त्याला चावते आणि आपण चांगलं पातं नापास करतो. म्हणून आधी वरचा थर थोडा घासून काढायचा, मग कानस लावायची.

रॉकवेलचा आकडा हवा असेल तर यंत्र लागतं. त्यात हिऱ्याचा शंकू आधी १० किलोच्या आणि मग १५० किलोच्या भारानं पोलादावर दाबतात, आणि तो किती खोल गेला त्यावरून आकडा येतो. पात्यावर एक बारीक ठिपका उरतो. रानातल्या चाकूला ५६ ते ५९ हा आकडा बरा. वर गेलं की धार जास्त टिकते पण गाठीवर कपचा उडतो, खाली आलं की धार वळते. माझा तिसरा चाकू ओळखीच्या एका हीट ट्रीटमेंटवाल्याकडे तपासला तेव्हा ५७ आला. त्या दिवशी मी कुणाकुणाला फोन केले ते सांगत नाही.

तिसरी चाचणी पितळेच्या सळईची, आणि ही जरा सावकाश समजून घेण्यासारखी आहे. बोटाएवढी पितळी सळई व्हाइसमधे आडवी बांधायची. धार तिच्यावर जवळजवळ आडवी टेकवून, हलका दाब देऊन ओढायची. उजेडात बघितलं तर सळईवरून जाताना धार किंचित वाकते आणि सुटल्यावर परत सरळ होते. वाकून तशीच राहिली तर पातं नरम. कपचा उडाला तर फार कडक.

पण धार किती वाकेल, हे पाण्यावर ठरत नाही. हे मला पटायला वेळ लागला. पोलाद नरम असो की कडक, तेवढ्याच भाराला ते तेवढंच वाकतं. ताठपणा दोघांचा जवळपास सारखाच. फरक पडतो तो भार काढल्यावर. कडक पोलाद परत येतं, नरम तिथंच राहतं. किती वाकेल हे ठरवते जाडी, आणि तीही घनाच्या हिशेबानं. ३ मिलिमीटरच्या पात्यापेक्षा ४ मिलिमीटरचं पातं ताठपणात १.३३ पट नव्हे, जवळपास २.४ पट असतं. म्हणून चाकू लवचीक वाटतो म्हणून पाणी कमी पडलं, असं म्हणणारा माणूस जाडीला पाणी समजतोय. भाजी चिरायची पातळ सुरी कितीही कडक असली तरी डुलणारच.

जाडीचाच दुसरा भाग म्हणजे धारेचा उतार. रानातल्या चाकूला उत्तर युरोपातल्या पद्धतीचा एकच रुंद, सपाट उतार देतात. स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू यासाठी जगभर ओळखले जातात. माझ्या पात्याची जाडी ३.५ मिलिमीटर, दोन्ही बाजूंना १२.५ अंश, म्हणजे उताराची उंची साधारण ८ मिलिमीटर येते. याचा फायदा दोन ठिकाणी. धार लावताना अख्खा उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप जमतो, हात नवखा असला तरी. आणि लाकूड तासताना तो उतार रंध्यासारखा फांदीवर बसतो, पातं आत घुसत नाही की बाहेर सटकत नाही. आपला कोयता वेगळ्याच हिशेबाचा. तो वजनानं आणि वेगानं तोडतो, पातळ, रुंद, दिवसातून कितीदा तरी कानस लावून घ्यायच्या बोलीचा. त्याला नरम ठेवतात ते अज्ञानानं नव्हे. फडात कानस चालली पाहिजे म्हणून.

धार किती टिकते हे मोजायचं यंत्र इंग्लंडात शेफिल्डच्या कॅट्रा संस्थेनं केलंय. त्यात वाळूचे बारीक कण घातलेल्या पुठ्ठ्याच्या गड्डीवर पातं ठरलेल्या भारानं मागेपुढे फिरतं आणि किती पुठ्ठा कापला गेला ते मोजतात. आपल्याला काथ्याचा दोर आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरे. काट्यावर लाकडी फळी, फळीवर दोर, आणि पात्याच्या ठरावीक तीन सेंटिमीटर भागानंच कापायचं. काट्यावरचा आकडा कुठवर चढतो ते लिहून ठेवायचं. धार उतरत जाते तसा तोच दोर कापायला जास्त भार लागतो. शेजारी बाजारातला एखादा माहितीचा चाकू, त्याच कोनाची ताजी धार लावून, त्याच दोरावर वापरायचा. नाहीतर आकड्याला अर्थ नाही. काथ्यात माती असते म्हणून दोर एकाच गुंडीचा घ्यायचा.

मग लाकूड. वाळकी बाभूळ ही आपल्याकडची खरी परीक्षक. बैलगाडीच्या चाकांना आणि औतांना तीच वापरायचे, यावरून तिचा कणखरपणा कळावा. आधी नुसतं तासायचं: फांदीवर लांब, पातळ, वळणाऱ्या सालपटांचा झुबका काढायचा, पण एकही सालपट तुटू द्यायचं नाही. हा झुबका विस्तव धरायला उत्तम, आणि तो काढताना धारेतला बारीकसा दोषही हाताला कळतो. मग गाठी. मग मनगटाएवढ्या ओंडक्यावर पातं ठेवून पाठीवर लाकडी दांडक्यानं ठोकायचं आणि ओंडका फाडायचा. इथं हातोडी वापरायची नाही, काटकोनी पाठीची वाट लागते. ठोकून झाल्यावर धार उजेडात धरायची. चांगल्या धारेवरून उजेड परतत नाही, ती दिसतच नाही. जिथं चमकतो तिथं धार वळलेली किंवा उडालेली. या चाचणीत खरं तर पात्यापेक्षा मूठ जास्त तपासली जाते. माझ्या पहिल्या मुठीची एक फळी विसाव्या ठोक्याला सुटली. मी चिकटवण्याआधी पोलाद खरबरीत केलं नव्हतं आणि हात तेलकट होता.

अमेरिकेत १९७६ साली स्थापन झालेली चाकू घडवणाऱ्यांची संस्था आहे, अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी. तिची परीक्षा प्रसिद्ध आहे. एकाच पात्यानं लटकता एक इंची दोर एका वारात कापायचा, दोन बाय चार इंची लाकूड दोनदा तोडायचं, त्यानंतर त्याच धारेनं हातावरचे केस काढून दाखवायचे, आणि शेवटी पातं व्हाइसमधे धरून ९० अंशांत वाकवायचं, न मोडता. ऐकून अंगावर काटा येतो. पण ही परीक्षा चाकूची नाही, लोहाराची आहे. धार कडक आणि पाठ नरम ठेवण्यावर त्याचा हात किती बसलाय, हे त्यात दिसतं. रानात कुणी चाकू काटकोनात वाकवत नाही. तरी मी भेग पडलेला दुसरा चाकू वाकवून पाहिला. तीस अंशांच्या आतच गेला. भेग होतीच, आश्चर्य नव्हतं, पण तुटलेल्या कडेवर जाडी साखर स्वच्छ दिसली. म्हणजे भेग नसती तरी तो टिकला नसता. भेगेवर सगळा दोष ढकलून मी महिनाभर निवांत होतो, तो निवांतपणा त्या दिवशी गेला.

मूठ. बाभूळ, शिसम, अंजन, काहीही घट्ट आणि पूर्ण वाळलेलं लाकूड चालतं; दोन पितळी खिळे आणि एपॉक्सी. आकार डोळ्यांनी नाही, हातांनी ठरवायचा: अर्धा तास सलग तासत बसायचं, तळहात जिथं लाल होतो तिथं कानस मारायची. मग हाताला तेल लावून पुन्हा. वरून जवसाचं तेल मुरवलं की लाकूड खुलतं. जवसाच्या तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. आपल्या उन्हाळ्यात तर नकोच. पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची.

पाट्याचं पोलाद गंजतं. चिंचेच्या कोळात किंवा कैरीवर वापरलं की ते काळपट होतं, तो गंज नव्हे, उलट त्यानं थोडं रक्षणच होतं. लाल ठिपके दिसले तर मात्र घासून काढायचे आणि खोबरेल तेलाचा हात फिरवायचा.

राहिला कायदा. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे वेगळे धरलेत. घरकाम आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलीत. माझं पातं ११ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार इंचांच्या आत. पण म्हणून ते कमरेला लावून गड्ड्याच्या यात्रेत हिंडावं असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरात वेळोवेळी मनाईचे आदेश निघतात आणि त्यात चाकू-सुरेही येतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तर विषयच संपतो: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकू धरलाय, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायला कलम ३१ नं मनाई आहे.

त्यामुळे चाकू बाहेर निघतो तो मित्राच्या शेतावर, हुरड्याच्या दिवसांत. एरवी तो स्वयंपाकघरात पडून असतो. मामांनी मागच्या वेळी त्यानं बाभळीची तीच गाठ तासली, धार नखावर फिरवली आणि काही न बोलता परत दिला. मी ते प्रशस्तिपत्र समजतो. आईचं मत वेगळं आहे. ती म्हणते, “एवढं वर्षभर घासलंस, आणि ह्याच्यानं भोपळा चिरत नाही रे, फुटतो.” तिचं बरोबर आहे. साडेतीन मिलिमीटरची पाचर आहे ती.